मिकीच्या दारी, वसुलीची स्वारी

टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाही. ते शेजारच्या चिबा प्रांतात, उरायासु नावाच्या गावी, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर आहे. 'उरायासु डिस्नेलँड' म्हटलं असतं तर पत्ता विचारण्यातच लोकांचा दिवस गेला असता, म्हणून पाटीवर टोकियो. 15 एप्रिल 1983 रोजी ते उघडलं. अमेरिकेबाहेरचं हे पहिलं डिस्नेलँड, पण ते डिस्ने कंपनीच्या मालकीचं मात्र नाही. ओरिएंटल लँड नावाची जपानी कंपनी ते चालवते आणि नावापोटी अमेरिकेला रॉयल्टी पाठवते. म्हणजे जमीन समुद्राची, उंदीर अमेरिकेचा आणि व्यवस्था जपानची. राहता राहिले पैसे. ते आपले.

आणि पैसे आपले म्हटले की मराठी माणसाच्या डोक्यात वसुलीचं यंत्र सुरू होतं. हॉटेलात नाश्ता फुकट असला की आम्ही दुपारचं जेवण सकाळीच उरकतो. खोलीतली शांपूची बाटली आम्ही वापरत नाही, घरी आणतो. विमानात बिनसाखरेचा काळा चहासुद्धा 'घेऊन ठेवू' म्हणून घेतो आणि मग तो तोंड वाकडं करून पितो, कारण टाकायचा कसा? हे यंत्र घेऊन आम्ही उभयता जपानला गेलो.

आमचा पुतण्या केदार निशी-कासाईला राहतो. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे भारतीयांचं माहेरघर. इथली भारतीय वस्ती इतकी रुळलेली की 2019 मध्ये भारतीय वंशाचे योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले. केदारच्या घरापासून डिस्ने अगदी जवळ.

"काका, एक स्टेशन पुढे कासाई. तिथून थेट डिस्नेची बस."

"बसला पैसे पडतील?"

"पडतील की."

"आणि आमचा रेल्वेचा पास?"

"तो बसला चालत नाही. पासच वापरायचा असेल तर आधी उलटं टोकियो स्टेशनला जावं लागेल, आणि तिथून—"

पुढचं मी ऐकलं नाही. सात दिवसांचा जपान रेल पास आम्हाला 50,000 येनला पडला होता. एवढे पैसे मोजलेला पास खिशात असताना बसचं तिकीट काढणं म्हणजे लक्ष्मीचा अपमान. मी सौ.ला घेऊन मेट्रोनं उलट्या दिशेला ओतेमाचीला गेलो. मेट्रोला पास चालत नाही, तेव्हा तिथे पैसे दिले. ओतेमाचीहून टोकियो स्टेशनपर्यंत चाललो. आता फक्त डिस्नेकडे जाणाऱ्या केइयो लाइनचा फलाट गाठायचा होता.

केइयो लाइनचा फलाट टोकियो स्टेशनात आहे, असं नकाशा म्हणतो. प्रत्यक्षात तो जमिनीखाली इतका लांब आहे की पुढचं युराकुचो स्टेशन त्याला तितकंच जवळ पडावं. सरकते पट्टे लागतात, संपतात, पुन्हा लागतात. मग सरकते जिने खाली नेतात आणि आणखी खाली नेतात.

"अहो," सौ. म्हणाली, "आपण चालतच चाललोय का डिस्नेला?"

फलाटावरून डिस्नेच्या माइहामा स्टेशनचा प्रवास साधारण पंधरा मिनिटांचा. ती पंधरा मिनिटं फुकट होती. मी खिडकीबाहेर न बघता, डोळे मिटून, प्रत्येक क्षण फुकट प्रवास केला. केदार, त्याची बायको मृणाल आणि त्यांची सात वर्षांची ईरा बसनं येऊन, कॉफी पिऊन, आमची वाट बघत उभी होती.

तिकिटं केदारनं मोबाईलवर आधीच काढली होती. घासाघीस करायला समोर माणूसच नाही! शिवाय दर दिवसागणिक वेगळा. ऑक्टोबर 2023 पासून मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट 7,900 येनपासून 10,900 येनपर्यंत, जशी गर्दी तसा भाव. आम्ही सगळ्यात महागड्या दिवशी आलो होतो. सौ.नं मनातल्या मनात येनाचे रुपये केले.

"माणशी सहा हजार!" ती म्हणाली. "आता रात्री दिवे मालवेपर्यंत इथून हलायचं नाही."

सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सौ.ची पिशवी उघडली गेली. आत दशम्या, लसणाची चटणी, लिंबाचं लोणचं आणि 'असू दे' म्हणून चिवडा. तपासणाऱ्या मुलीनं दोन्ही हातांनी डबा उचलला, आदरानं खाली ठेवला, कमरेत वाकली आणि जपानीत बराच वेळ दिलगिरी व्यक्त केली. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, घरी काही वाईट घडलं असावं. ईरानं भाषांतर केलं, "आजी, डबा आत न्यायचा नाही. बाहेर पिकनिकची जागा आहे, तिथे बसून खायचा."

"टाकून द्यायचा का?" मृणालनं हळूच विचारलं आणि सासूच्या जाऊबाईंची नजर बघून लगेच म्हणाली, "म्हणजे, मी आपलं विचारलं."

त्यामुळे दारं उघडली तेव्हा आम्ही दाराबाहेर दशम्या खात होतो. समोरून हजारो माणसं आत जात होती. आत धावू नका, अशी विनंती असते आणि जपानी माणूस विनंती मोडत नाही. तो चालतोच, फक्त त्याच्या चालण्याला आपल्याकडे पळणं म्हणतात. चिमुरड्यांपासून आजोबांपर्यंत सगळे ताठ पाठीनं, गुडघे न वाकवता, भरधाव चालत होते.

"आजी, सगळे पुढे गेले," ईरा रडवेली झाली.

"जाऊ देत. उपाशी गेलेत ते. दुपारी कळेल त्यांना."

आत गेल्यावर पहिला मोठा रस्ता वर्ल्ड बाजारचा, काचेच्या छपराखाली. जपानच्या पावसाचा विचार करून हे छप्पर घातलंय. सौ.नं वर बघून छपराची मनापासून स्तुती केली, कारण सहा हजारांत ते येत होतं. दुकानांकडे मात्र तिनं पाहिलं नाही. ती सहा हजारांत येत नव्हती.

आमची पहिली रांग 'पूहज हनी हंट'ची. फलकावर 90 मिनिटं लिहिलं होतं. नव्वद मिनिटांच्या रांगेत आपल्याकडे निदान दोन भांडणं, एक ओळख आणि 'जरा पुढे आमचा माणूस आहे' असं म्हणून घुसणारे सहा जण असतात. इथे यातलं काहीच नाही. शाळेला दांडी मारून, पण शाळेचाच गणवेश घालून आलेल्या मुली होत्या. नखशिखांत सारखे कपडे घातलेली जोडपी होती. एक गृहस्थ उभ्या उभ्या पुस्तक वाचत होते. तक्रार कुणाचीच नाही. मला वाटायला लागलं की ही माणसं रांगेसाठीच आली आहेत आणि शेवटी पाळणा लागतो तो रांग संपल्याचं दुःख हलकं करायला.

माझ्या पुढच्या माणसात आणि माझ्यात एवढं अंतर होतं की आपल्याकडे त्यात चौघांचं कुटुंब सहज मावलं असतं. रिकामी जागा मला बघवत नाही. मी अर्धं पाऊल पुढे सरकलो. त्यानं मागे बघून मान लववली आणि तोही सरकला. पुन्हा जागा झाली, पुन्हा मी सरकलो. तो आपल्या पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला, अशी नम्रपणे दाटी होत गेली. रांग एका माणसानंही कमी झाली नव्हती, पण बघता बघता ती चांगली घट्ट झाली. मला प्रगती झाल्यासारखं वाटलं.

हा खेळ 2000 सालचा. मधाच्या मडक्यात बसायचं आणि मडकं पूहच्या जंगलातून हिंडतं. माझ्या लक्षात आलं की मडक्याखाली रूळ नाहीत. मी उभा जन्म वीज खात्यात काढलेला माणूस. रूळ नाहीत तर गाडी वळते कशी? मी डाव्या बाजूनं वाकून बघितलं. मग उजव्या. शेजारची मडकी गरगर फिरत, एकमेकांना न धडकता जात होती आणि जमिनीवर एक रेघसुद्धा नव्हती. मागच्या बाजूला काही दिसतंय का म्हणून वळलो, तेवढ्यात दिवे लागले आणि उतरायची वेळ झाली. सगळा प्रकार जेमतेम पाच मिनिटांचा.

"आजोबा, पूह बघितलात?"

"कुठला पूह?"

ईरानं आईकडे बघितलं. सौ.नं हिशोब मांडला, "दीड तास उभे राहिलात आणि फरशी बघून आलात."

'ब्यूटी अँड द बीस्ट'ची सफर 2020 मध्ये सुरू झाली आणि तिची रांग अजून उतरलेली नाही. इथे केदारनं मोबाईल काढला. माणशी दोन हजारांच्या घरात येन भरले की प्रीमियर ॲक्सेस नावाची सोय मिळते. दिलेल्या वेळेला जायचं आणि छोट्या रांगेनं आत शिरायचं.

"पैसे देऊन रांग मोडायची?" मी आवाज चढवला. "तत्त्वात बसत नाही माझ्या."

"काका, गेल्या वर्षी देवदर्शनाला तुम्ही पैसे भरून पास घेतला होता ना?"

"ते देवाचं काम होतं."

"तुमचं तत्त्व राहू दे," सौ. म्हणाली. "माझे गुडघे बसत नाहीत त्यात. केदार, चार काढ."

अशा रीतीनं मी बाकावर बसलो आणि माझं तत्त्व, चार पिशव्या, दोन छत्र्या आणि ईराचे मिनीचे कान सांभाळत राहिलो. हे कान म्हणजे डोक्यावर घालायचा पट्टा, त्यावर दोन काळे गोल आणि मधोमध लाल, ठिपक्यांचा बो. तिथे ते सगळेच घालतात. शाळकरी मुली घालतात ते ठीक, पण कंपनीत विभागप्रमुख शोभतील असे गंभीर चेहऱ्याचे पुरुषही कान लावून, बायकोची पर्स धरून, शांतपणे उभे असतात. आजूबाजूच्या गर्दीत बिनकानाचा मी एकटा. लोक माझ्याकडे चोरून बघत होते. लहान मुलं तर सरळच बघत होती. त्यातून हात भरलेले. कान ठेवायला जागाच नव्हती. शेवटी इकडेतिकडे बघून मी ते डोक्यावर चढवले. पलीकडच्या बाकावरच्या आजींनी लगेच हसून दोन्ही हात हलवले. मीही हलवले. मग वेस्टर्न रिव्हर रेल्वेची गाडी गेली, तिच्यातल्या सगळ्यांनी हात हलवले. मीही त्यांना हलवले. आमच्या सोसायटीत समोरच्या दाराला मी वर्षानुवर्षं साधी मान हलवलेली नाही आणि इथे मी अख्ख्या आगगाडीला निरोप देत होतो.

परत आलेली सौ. माझ्याकडे न बघता थेट पॉपकॉर्नकडे वळली. इथला पॉपकॉर्न ही स्वतंत्र संस्था आहे. कॅरॅमलचा एकीकडे, करीचा दुसरीकडे, सोया सॉस आणि लोण्याचा आणखी कुठेतरी. प्रत्येक चवीची गाडी वेगळी आणि गाडीमागे रांग वेगळी. लोक हातात नकाशा घेऊन चवी शोधत हिंडतात. पॉपकॉर्न ज्यातून मिळतो ती झाकणाची प्लास्टिकची बादली गळ्यात अडकवायचा पट्टा घेऊन येते. कुणाच्या गळ्यात मिकीचं डोकं, कुणाच्या गळ्यात मडकं.

"काकू, नुसता पॉपकॉर्न स्वस्त आहे," केदार म्हणाला. "बादलीसकट घेतला तर कितीतरी पट."

सौ.नं बादली उलटी केली, तळ ठोकून बघितला, झाकण दोनदा लावून काढलं आणि बिजागरीवर अंगठा दाबला. गाडीवरची मुलगी हे सगळं आदरानं पाहत होती.

"किलोभर तूरडाळ आरामात बसेल," सौ. म्हणाली. "झाकणही घट्ट आहे. घे."

डाळीच्या डब्यावर एवढे पैसे घालवणारी आमच्या घराण्यातली ही पहिली बाई. पण बादली असली की नुसता पॉपकॉर्न कमी पैशांत पुन्हा भरून मिळतो, हे कळल्यावर वसुलीचं यंत्र पुन्हा फिरलं. आम्ही चव बदलून बदलून भरत राहिलो. करीचा पॉपकॉर्न खाऊन सौ.नं एवढंच म्हटलं, "मसाला भाजला नाहीये."

रात्रीच्या दिव्यांच्या मिरवणुकीला लोक तासभर आधी सतरंजीसारखा प्लास्टिकचा कपडा अंथरून जागा धरतात. आमच्याकडे कपडा नव्हता. पण जागा धरण्याचं शास्त्र मला कुणी शिकवायला नको. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून महाराष्ट्रभर प्रवास केलेला माणूस मी. पहिल्या रांगेत, अगदी दोरीला लागून, मी रुमाल पसरला आणि पाय मोकळे करायला निघालो. दहा पावलं गेलो नसेन तोच पांढऱ्या गणवेशातला एक सफाईवाला धापा टाकत मागे आला. दोन्ही हातांत माझा रुमाल. तो वाकला, मी वाकलो, रुमाल परत मिळाला. मी वळसा घालून जाऊन पुन्हा पसरला. पुन्हा तो आला. या वेळी त्यानं रुमालाची घडी घालून दिली. जिथे कुणी काही पळवत नाही, तिथे टाकलेली वस्तू ही हरवलेलीच वस्तू असते आणि हरवलेली वस्तू मालकाला मिळेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. शेवटी रुमालाच्या जागी मी स्वतः बसलो. मला मात्र कुणी उचलून कुणाला परत केलं नाही.

बसल्या बसल्या एक गोष्ट पाहिली. सफाईवाली एक मुलगी झाडू पाण्यात बुडवून फरसबंदीवर काहीतरी करत होती. चार फटकाऱ्यांत गोल चेहरा झाला, दोन फटकाऱ्यांत कान, मग नाक, मग हसू. मिकी! पोरांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या वेळात तो वाळून गेला आणि ती पुढे दुसरा काढायला निघाली.

"ही झाडतेय की रांगोळी घालतेय?" सौ. म्हणाली. "आणि झाडायला इथे आहे काय?"

ते खरं होतं. टोकियोच्या रस्त्यावर कचऱ्याचा डबा शोधून सापडत नाही. सकाळच्या बिस्किटाचा कागद मी संध्याकाळपर्यंत खिशात बाळगायचो. इथे मात्र डबे पावलोपावली होते. त्या आनंदात मी आठवडाभराचे कागद रिकामे केले. तेवढीच वसुली.

मिरवणुकीआधी थोडा वेळ होता म्हणून मृणालला जागेवर बसवून 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'ला गेलो. थंडगार हवा, अंधार, पाण्यावर हळू जाणारी नाव आणि जगभरातल्या बाहुल्यांचं एकसुरी गाणं. दिवसभर चाललेल्या माणसावर याचा जो परिणाम व्हायचा तो झाला.

"आजोबा पूर्ण जगभर घोरले," ईरानं बाहेर येऊन जाहीर केलं.

"कुठून कुठपर्यंत?" केदारनं विचारलं.

"पहिल्या देशापासून."

मला मात्र हा सगळ्यात वसूल झालेला खेळ वाटला. सहा हजारांत एवढी शांत झोप मला घरीही मिळत नाही.

मिरवणूक संपली, दिवे विझायला लागले, तरी सौ. हलेना. शेजारचं डिस्नेसी राहिलं होतं. ते 4 सप्टेंबर 2001 ला उघडलं. त्यात ज्वालामुखी आहे, बंदर आहे आणि त्याचं तिकीट वेगळं आहे. या शेवटच्या मुद्द्यावर सौ. म्हणाली, "मग बाहेरून तर बघू." बाहेरून बघायला मोनोरेल आहे. तिच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या, धरायच्या कड्याही मिकीच्याच. फुकट मात्र नाही, आणि पासही चालत नाही. वर ती एकाच दिशेनं गोल फिरते. त्यामुळे डिस्नेलँडहून चालत काही मिनिटांवर असलेलं माइहामा स्टेशन गाठायला आम्ही हॉटेलांची रांग, अंधारातला समुद्र आणि डिस्नेसी असा सगळा वळसा घातला. समोरच्या सीटवर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर डफी नावाचं अस्वल. अस्वलाच्या अंगात हातानं विणलेला स्वेटर होता. समुद्रावरचं वारं झोंबत होतं आणि माझा स्वेटर केदारच्या घरी होता.

केदार मंडळी बसनं गेली. आम्ही पास वसूल करत केइयो लाइननं टोकियोला, पुन्हा त्या पट्ट्यांवरून, पुन्हा ओतेमाचीला. माइहामाच्या फलाटावर एक चमत्कार झाला होता, तो मी पाहिला नाही. तिथे सगळे जण आपापले कान काढून पिशवीत घालतात. दिवसभराची मिनी क्षणात पुन्हा बँकेतली कारकून होते. मी झोपेत होतो. ओतेमाचीच्या मेट्रोत काळ्या कोटातली माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि त्यांच्यातल्या एकानंही माझ्याकडे बघितलं नाही. इतक्या माणसांनी इतक्या शिस्तीनं न बघणं मी आयुष्यात प्रथम अनुभवलं. निशी-कासाईच्या जिन्यावर सौ.चं लक्ष गेलं.

"अहो, डोक्यावर काय ते!"

"तुला आत्ता दिसलं?"

"सकाळपासून तुमच्याकडे बघायला वेळ कुठे होता? माणशी सहा हजारांचं बघत होते."

तेव्हा जाणाऱ्यांना एवढंच सांगतो. निशी-कासाईत कुणी नातेवाईक असेल तर मुकाट्यानं बस धरा. दशम्या गेटाबाहेर, वेळेआधी येऊन खा. रुमाल खिशात ठेवा, रूळ शोधू नका, येनाचे रुपये करू नका. आणि पॉपकॉर्नची बादली डाळीसाठी घेत असाल तर विचार करा. आमच्याकडे वरणाला अजून कॅरॅमलचा वास येतो.